उसनी दुखणी

नेव्ह हॅलोरन मार्चमध्ये वारला आणि एप्रिलपासून तो गावभर दिसायला लागला.

खाटकाच्या काचेवर तो होता, पेट्रोल पंपावर होता, फुटबॉलच्या मैदानाच्या कुंपणावर तर ओळीने सहा वेळा होता. डोक्यावर गिरणीची जुनी टोपी, हातात भलामोठा मासा, आणि त्या माशापेक्षा मोठं हसू. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, ‘डॉक्टरकडे जाणं नेव्हला परवडलं नाही. तुम्हाला परवडतं?’ त्याच्याखाली टेगन प्रायर या उमेदवारबाईंचं नाव. नेव्ह जिवंत असता तर एवढ्या वेळा स्वतःचं तोंड बघून कंटाळला असता.

डोरन्स बेमध्ये डॉक्टर म्हणजे डॉक्टर सेन. खरं नाव सेनेविरत्ने, पण टास्मानियाच्या या कोपऱ्यात एवढं लांब नाव उच्चारायला कुणाला सवड नसते. बारा वर्षांपूर्वी ते आले, तिसऱ्याच दिवशी गावाने त्यांचं सेन करून टाकलं आणि त्यांनीही ते निमूटपणे दारावरच्या पाटीवर लावलं. शहाणा माणूस. गावाशी भांडायचं कुठे आणि कुठे नाही, ते त्यांना पहिल्यापासून कळायचं.

दोन वर्षांपूर्वी मात्र ते भांडण त्यांनी ओढवून घेतलं. तोवर मेडिकेअरचं, म्हणजे सरकारी आरोग्य योजनेचं, हिरवं कार्ड दाखवलं की काम व्हायचं, सरकार देईल तेवढ्यात दवाखाना भागवायचा. मग नर्सचा पगार, भाडं, विजेचं बिल, सगळं वाढलं, सरकारचा आकडा जागचा हलला नाही, आणि डॉक्टरांनी दारात कागद चिकटवला. मुलं आणि पेन्शनवाले सोडून बाकीच्यांना वरचे पैसे द्यावे लागतील. नेव्ह त्रेसष्टचा होता. पेन्शनला चार वर्षं कमी, गिरणी बंद पडून तीन वर्षं झालेली. म्हणजे बरोब्बर मधल्या खड्ड्यात.

टेगनबाईंच्या पत्रकाला उत्तर म्हणून गेली दहा वर्षं निवडून येणारे अ‍ॅलिस्टर मंडी रेडिओवर म्हणाले, “सरकारने कुणाला अडवलेलं नाही. नेव्हला फुकट तपासायचं की नाही, हे त्या डॉक्टरच्या हातात होतं.” झालं. दोघांच्या मारामारीत डॉक्टर सेन अलगद मधोमध सापडले. बेकरीत लोक त्यांच्याशी पूर्वीसारखंच बोलायचे, फक्त थोडं जास्त गोड. ते त्यांना लागायचं. रात्री पाठ टेकली की एकच विचार यायचा, आपण फुकट तपासणं चालू ठेवलं असतं तर तो माणूस आला असता.

सोमवारी ग्लेनिस आली. नेव्हची बायको.

“मी आजारी नाही,” खुर्चीत बसत ती म्हणाली. “पण बाहेर पैसे भरलेत, तेव्हा दहा मिनिटं माझी आहेत.”

“ग्लेनिस, पैसे कशाला भरलेत?”

“भरले. मला नकोत तुमची उपकाराची दहा मिनिटं.” तिने पर्स मांडीवर घट्ट धरली. “फेब्रुवारीत मी छातीचं घेऊन आले होते, आठवतंय?”

आठवत होतं. पायऱ्या चढताना आवळल्यासारखं होतं, डाव्या जबड्यापर्यंत कळ जाते, बसलं की थांबते, असं तिने सांगितलं होतं. पुस्तकात लिहिल्यासारखं. ते घाबरले होते. लगेच वायरी लावून त्यांनी तिच्या हृदयाचा आलेख काढला, तर रेघ अशी सरळ आणि नेटकी की बघत राहावं. पुन्हा तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठा, असं त्यांनी बजावलं होतं, आणि वर हसत म्हणाले होते, “ग्लेनिस, तुम्ही मला पोचवून मग जाल.”

“ती छाती नेव्हची होती,” ग्लेनिस म्हणाली.

डॉक्टरांना पहिल्यांदा कळलंच नाही.

“माझ्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या होत्या. चिठ्ठीसाठी मला यावंच लागणार होतं. नेव्ह म्हणाला, जातेच आहेस तर माझंही विचारून ये. दोघांचे पैसे कशाला भरायचे. पण कार्ड माझं. बाहेर तुमची पाटी, एका वेळी एकच तक्रार. मग मी म्हटलं, मला होतंय.”

“पण मशीन तुमच्या छातीला लावलं होतं...”

“वायरी चिकटवल्या तेव्हाच कळलं मला. मी काय मूर्ख आहे?” तिचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “वाटलं, आता सांगावं. पण तुम्ही एवढे मनापासून बघत होता. लाज वाटली हो. घरी गेले तर हा दारातच उभा. काय म्हणाला डॉक्टर? त्याचा चेहरा असा झाला होता की मी म्हटलं, ठणठणीत. तुला काही झालेलं नाही. त्या रात्री त्याने तीन चॉप्स खाल्ल्या. कितीतरी दिवसांनी.”

तीन आठवड्यांनी मागच्या अंगणात लाकडं फोडताना तो गेला, हे दोघांनाही ठाऊक होतं.

“मला हे आत्ता का सांगताय?” डॉक्टरांनी विचारलं.

“शनिवारी हॉलमध्ये सभा आहे ना. टेगन मला पहिल्या रांगेत बसवणार आहे. आणि तो मंडी सगळं तुमच्या माथी मारतोय. म्हटलं, निदान तुम्हाला तरी माहीत असावं.” मग ती उठली आणि दाराशी थांबली. “डॉक्टर, कार्ड काढून घेतील का माझं? खोटं बोलून वापरलं म्हणून?”

“नाही. असं कुणी काही करत नाही. आणि मी कुणाला सांगणार नाही.”

तिने मान हलवली. पटलं नव्हतं. या किनाऱ्यावर माणसं वादळाला भीत नाहीत, पण सरकारी कार्डाला भितात.

ती गेल्यावर डॉक्टरांनी तिची खुर्ची सरळ केली. त्यांच्या समोर दोन खुर्च्या असायच्या, एक पेशंटची आणि एक सोबत आलेल्याची. सोबत बहुधा कुणी नसायचं. त्या दिवशी दुसऱ्या खुर्चीकडे त्यांची नजर गेली. फेब्रुवारीत नेव्ह तिथेच बसलेला होता, असं त्यांना वाटलं. ग्लेनिस आणि ते दहाही मिनिटं त्याच्याबद्दलच बोलत होते, त्याची कळ, त्याचा जबडा, त्याच्या पायऱ्या. आणि आपण त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

त्यांच्या वडिलांचा श्रीलंकेत कुरुनेगलाजवळ लहानसा दवाखाना होता. तिथेही लोक दुसऱ्यांची दुखणी घेऊन यायचे. मुलगी यायची, म्हणायची आई तापली आहे, उठवत नाही. वडील औषध बांधून द्यायचे आणि संध्याकाळी सायकल काढून बघायला जायचे. पण ती मुलगी म्हणायची ‘आई’. ‘मी’ म्हणायची नाही.

मंगळवारपासून डॉक्टरांना तो नाद लागला. समोर पेशंट बोलत असायचा आणि त्यांचं लक्ष दुसऱ्या खुर्चीकडे. तिथे कोण बसलंय? कधी एखादा नवरा वाटायचा, कधी बहीण, कधी टोपी मांडीवर ठेवलेला नेव्हच. खोकला ऐकला की तो या छातीतून आला की सांगण्यातून, हे ते तपासून बघायचे. शेवटी त्यांनी सरळ विचारायला सुरुवात केली.

“हे दुखणं कुणाचं आहे?”

म्हातारा आर्ची ब्रुम चिडला. “मूळव्याध आहे डॉक्टर. कोण मला उसनी देणार? आणि दिली तर मी घेईन का?”

एरवी डॉक्टर पोट धरून हसले असते. त्या दिवशी नुसते सॉरी म्हणाले. दवाखान्यात काम करणाऱ्या बायका आपापसांत म्हणायला लागल्या की सभेचं टेन्शन दिसतंय. खरं तर त्यांना भीती वाटत होती, आणि ती दिवसाढवळ्या, भरल्या दवाखान्यात वाटत होती, म्हणून जास्त.

गुरुवारी मेरिल गॉफ आली. पन्नाशीची, शाळेच्या उपाहारगृहात काम करणारी, कामसू बाई. तिचा नवरा वॉरिक शेवंड्या पकडायची बोट चालवायचा.

“डोळ्यावर पडदा पडतो, डॉक्टर,” ती म्हणाली. “डाव्या. वरून खाली, दुकानाचं शटर ओढल्यासारखा. पाच मिनिटं काही दिसत नाही, मग आपोआप उघडतो. दोनदा झालं.”

डॉक्टर ताठ झाले. मानेतली रक्तवाहिनी तुंबत आली की असं होतं. आज डोळ्यावर पडदा, उद्या अर्ध्या अंगावर.

“मेरिल, हे तुमचंच आहे ना?”

“मग कुणाचं?” ती हसली, पण लगेच हातातल्या किल्ल्यांकडे बघायला लागली.

त्यांनी तिचा डोळा पाहिला, दाब पाहिला, मानेवर नळी ठेवून ऐकलं. सगळं स्वच्छ. तरी त्यांनी बर्नी शहरातल्या हॉस्पिटलला फोन करून दुसऱ्याच दिवशी मानेची सोनोग्राफी ठरवली. चिठ्ठी घेताना मेरिल सहज म्हणाली, “आणि समजा बाई नसून पुरुष असता, साठीतला, सिगारेट ओढणारा, तर मग जास्त काळजीचं असतं का हो?”

“खूप जास्त,” डॉक्टर म्हणाले, आणि पुढे काही विचारणार तेवढ्यात ती “थँक्यू, डॉक्टर” म्हणून बाहेर पडली. दहा मिनिटं संपली होती. बाहेर पुढचा पेशंट रडणारं पोर घेऊन उभा होता.

शुक्रवारी बर्नीहून निरोप आला, मिसेस गॉफ आल्या नाहीत. कशाला जाईल? स्वतःची मान दाखवून काय मिळणार होतं?

डॉक्टरांनी तिच्या घरी फोन केला. “ते गेलं हो डॉक्टर,” मेरिल घाईघाईने म्हणाली. “आता नाही होत.”

“वॉरिक घरी आहे का?”

“बोटीवर आहे. का?”

“मेरिल, त्याला घेऊन या. आजच. पैशाचं काही नाही.”

पलीकडचा आवाज एकदम शिष्टाचाराचा झाला. “आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, डॉक्टर. आम्ही अजून कुणाचं फुकट खाल्लेलं नाही.” फोन बंद.

संध्याकाळी ते धक्क्यावर गेले. बोट परतली नव्हती. वारा असा होता की उभं राहवेना. एक कोळी म्हणाला, “उद्या दुपारी येतील. सभेला येणार म्हणत होता वॉरिक, मंडीला दोन शब्द ऐकवायला.” डॉक्टर घरी आले, पण झोप कसली. डोळे मिटले की वरून खाली शटर पडायचं.

शनिवारी दुपारी मेमोरियल हॉल भरून वाहत होता. बायकांच्या मंडळाने भोपळ्याचं सूप आणि स्कोन ठेवले होते, आणि एरवी या गावात राजकारणाचं नाव काढलं की उठून जाणारे लोकही त्या वासाने आत आले होते. व्यासपीठावर तीन खुर्च्या, टेगनबाई, मंडीसाहेब आणि मधे डॉक्टर. पहिल्या रांगेत ग्लेनिस, काळ्या कोटात. तिच्या मागच्या भिंतीवर नेव्ह, मासा घेऊन हसत.

डॉक्टरांनी वॉरिकला शोधलं. चौथी रांग, भिंतीकडेची खुर्ची. शेजारी मेरिल. त्यांना जरा हायसं वाटलं. माणूस निदान चालत आला होता.

टेगनबाईंनी आल्या आल्या खिशातून हिरवं कार्ड काढून उंच धरलं. “डॉक्टरकडे जाताना एवढंच लागलं पाहिजे. क्रेडिट कार्ड नाही.”

टाळ्या पडल्या. मंडीसाहेबांनीही खिशात हात घातला आणि तेच कार्ड काढलं. “हे आमच्या सरकारने जपलंय, बाई. तुमच्या काळात याची काय दशा होती ते विसरला वाटतं.”

“जपलंय म्हणे,” मागून कुणीतरी म्हणालं. “शोकेसमध्ये ठेवून.”

लोक हसले. मग आकडे निघाले. हिने दहा वर्षांपूर्वीचे काढले, त्याने वीस वर्षांपूर्वीचे. तो म्हणे इतक्या टक्के लोकांना डॉक्टर फुकट तपासतात, ती म्हणे तितक्या. दोघं कार्डं हलवत होते, फुटबॉलच्या दोन पंचांनी एकमेकांनाच मैदानाबाहेर काढावं तसे. आणि प्रत्येक चौथ्या वाक्याला नेव्हचं नाव. नेव्हसारखे लोक. आपला नेव्ह. ग्लेनिसची मान दर वेळी थोडी खाली जायची.

डॉक्टर ऐकत नव्हते. चौथ्या रांगेत वॉरिक गॉफने उजवा तळहात उचलून उजवा डोळा झाकला. समोर पाहिलं. मग हात बदलला, डावा डोळा झाकला आणि पाहिलं. पुन्हा उजवा. असं माणूस गंमत म्हणून करत नाही. दोन डोळ्यांतला कोणता गेला, हे बघण्यासाठी करतो. मेरिलने त्याचा हात धरून खाली ओढला आणि भोवताली पाहिलं, कुणी पाहिलं तर नाही ना.

“डॉक्टर, तुम्हीच सांगा,” सभा चालवणारे शाळेचे मुख्याध्यापक म्हणाले. “हो की नाही एवढंच. नेव्ह पैशापायी गेला का?”

टेगनबाई हसऱ्या चेहऱ्याने वळल्या, मंडीसाहेबांनी हाताची घडी घातली. डॉक्टर उठले आणि त्यांनी माइक हातात घेतला. पेशंटचं नाव सांगायचं नाही, कुणाचं बिंग फोडायचं नाही, हे बारा वर्षं त्यांनी डोळ्यात तेल घालून पाळलं होतं. गावाचा त्यांच्यावर विश्वास होता तो तेवढ्यासाठीच.

“मी वेगळंच विचारणार आहे,” ते म्हणाले. “माझ्याकडे या आठवड्यात कुणीतरी डोळ्याचं दुखणं घेऊन आलं होतं. ते त्यांचं नव्हतं, असं मला वाटतं. घरातल्या दुसऱ्या कुणाचं होतं. पैसे वाचवायला असं केलं असेल. त्यात गुन्हा नाही, कार्ड कुणी काढून घेत नाही. पण मी चुकीचा डोळा तपासला. ज्याचा डोळा आहे त्याने आत्ता उठावं. उद्या नाही.”

कुणी हललं नाही. मेरिलचा चेहरा चुन्यासारखा पांढरा झाला. वॉरिक समोर बघत होता, जबडा आवळून. मुख्याध्यापक खाकरले. “डॉक्टर, विषय जरा...”

“हाच विषय आहे,” डॉक्टर म्हणाले. “कुणी आलंय का असं माझ्याकडे? दुसऱ्याचं दुखणं स्वतःचं म्हणून सांगायला? हात वर करा. मी काही लिहून घेणार नाही.”

पहिला हात ग्लेनिसचा वर गेला. काळ्या कोटाची बाही, वर सरळ, शाळेत धरतात तशी. तिने ना टेगनकडे पाहिलं ना भिंतीवरच्या नेव्हकडे. टेगनबाईंचं हसू तिथेच थिजलं. काय घडलं ते हळूहळू लोकांना उमगत गेलं, आणि हॉलमधून एक लांब श्वास फिरला.

मग सूप वाढणाऱ्या एका बाईने पळी ठेवली आणि हात वर केला. मग दाराजवळच्या एका तरुणाने. मग एका रांगेत शेजारी शेजारी बसलेल्या दोघी बहिणींनी, एकमेकींकडे बघत. डॉक्टरांना वाटलं होतं तीन असतील, फार तर चार. हात वर येतच राहिले. आर्ची ब्रुमनेसुद्धा केला, दुसरीकडे तोंड करून. डॉक्टर एकेका हाताखालचा चेहरा बघत गेले आणि त्या चेहऱ्याला आपण काय सांगितलं होतं ते आठवायला लागले. काही नाही हो, साधा खोकला. रिपोर्ट उत्तम आहे. तुम्ही अगदी ठणठणीत आहात. हसून सांगितलं होतं प्रत्येकाला. आणि ते शब्द कुणाच्या ना कुणाच्या घरी गेले होते, स्वयंपाकघरात, बिछान्यापाशी, दारात वाट बघत उभ्या असलेल्या कुणापाशी. ती सगळी माणसं आत्ता कुठे होती?

गॉफ नवराबायकोचे हात मात्र मांडीवरच होते.

बस झालं, म्हणून डॉक्टरांनी माइक ठेवला आणि पायऱ्या उतरून ते मधल्या वाटेने निघाले. नाव घ्यावं लागलं तर घ्यायचं, गावाने तोंड फिरवलं तर फिरवायचं. दोन रांगा ओलांडल्या असतील नसतील, तेवढ्यात चौथ्या रांगेत खुर्ची सरकली.

“बस, वॉरिक,” मेरिल कुजबुजली. “लोक बघतायत.”

“बघू देत.” तो उठला. उठताना त्याने पुढच्या खुर्चीची पाठ पकडली, कारण डावीकडचं त्याला काही दिसत नव्हतं. डॉक्टरांनी जाऊन त्याच्या कोपराखाली हात दिला आणि दाराकडे बघून ओरडून अँब्युलन्स बोलवायला सांगितलं. वॉरिक गॉफ एवढा मोठा, वादळात बोट काढणारा माणूस, लाजून लाल झाला होता.

“मी अपॉइंटमेंट घेतलेली नाही, डॉक्टर,” तो हळूच म्हणाला. “चालेल ना?”

भोवतालचे हात अजून वरच होते. खाली घ्या असं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.